तीन मिनिटांची सभा आणि दहा बाय दहाचा पाया

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझा पाया खचला नाही. भरला. खचणं वेगळं, भरणं वेगळं. हा साधा फरक न कळणारी माणसं आमच्या सांडोरमध्ये इतकी असतील असं मला वाटलं नव्हतं. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात कोणी ना कोणी हसून विचारतंच, "काय हिलरी, कुठवर बुडाला पाया?" मी दरवेळी थांबून नीट समजावून सांगते. माणसं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि पुढच्या रविवारी परत तेच विचारतात. म्हणून आता लिहूनच काढते. ज्याला हसायचं असेल त्याने निदान पूर्ण वाचून हसावं.

मला खोली हवी होती. बस्स. दहावीत जाणाऱ्या मुलीने याहून साधी मागणी काय करायची? आमच्या घरात दोन खोल्या. एकीत मम्मी-पप्पा, दुसरीत मी आणि मटिल्डाआते. आते म्हणजे पप्पांची सगळ्यात मोठी बहीण. वय सहासष्ट, लग्न केलं नाही, शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झाली. ती फार प्रेमळ आहे, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यातून तसं वाटणार नाही. आतेला गोष्टी सांगायची सवय आहे. आणि गोष्ट कुठलीही असो, ती आतेच्या लहानपणापासून सुरू होते. 'मीठ संपलंय' एवढं सांगायचं असलं तरी आधी मिठागरात कामाला जाणारा कोणीतरी मामा येतो, मग त्याची सायकल येते, मग त्या सायकलवरून पडलेला दुसरा मामा येतो. बीजगणित करताना कानावर सतत मामा पडला की समीकरणात मामा शिरतो. नववीच्या सहामाहीत मला बीजगणितात जे मार्क पडले ते त्या मामाचे आहेत, माझे नाहीत.

शेवटी एप्रिलमध्ये पप्पा कबूल झाले. स्वयंपाकघराच्या मागे, आतेच्या अबोलीच्या वाफ्याशेजारी, दहा बाय दहाची खोली. वर पत्रेच, पण चार भिंती, एक दार आणि दाराला आतून कडी! ती कडी मला स्वप्नात दिसायला लागली होती. खरं म्हणजे वाफ्याच्या जागेवरच खोली आली असती तर जास्त सोयीचं होतं, कारण ती अबोली मेली धड वाढतही नाही. वीतभर होते आणि रुसून बसते. पण आते तिला हात लावू देत नाही. तर अट एकच होती. थॉमस मिस्त्री आम्हाला बारा दिवस देणार होते. तेराव्या दिवशी त्यांना राजोडीला कुठल्याशा रिसॉर्टच्या कामावर जायचं होतं. बारा दिवसांत पाया होऊन जोतं जमिनीच्या वर आलं तर भिंतींसाठी त्यांचा मेहुणा मिळणार होता. नाही आलं तर काम पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे माझी दहावी मामाबरोबर.

नेमकं याच वेळी पप्पांच्या कारखान्यात ते पुस्तक आलं. पप्पा नट-बोल्टच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. तिथे एका टाय घातलेल्या माणसाने दोन दिवस शिबिर घेतलं आणि प्रत्येकाला एक पातळसं पुस्तक दिलं. कमी वेळात, कमी सामानात, कमी धावपळीत जास्त काम कसं करायचं, ही जपानी पद्धत. पप्पांनी ते पुस्तक फ्रिजवर ठेवलं आणि त्यावर अंड्यांचा ट्रे ठेवला. मी ते एका दुपारी वाचून काढलं. त्यात नासाडीचे सात प्रकार होते: वाट बघणं, उगाच फेऱ्या मारणं, गरजेआधी माल भरून ठेवणं वगैरे. धर्मशिक्षणाच्या वर्गात सात साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार, आणि सात महापापं आधीच पाठ केलेली असल्यामुळे हे तिसरं सातचं टोळकं मला लगेच तोंडपाठ झालं.

इथे एक सांगायला हवं. गेल्या डिसेंबरमध्ये विज्ञान प्रदर्शनात मला दुसरं बक्षीस मिळालं होतं, आणि मी चारशे माणसांपुढे माइकवर बोलले होते. त्याआधी मी वर्गात हजेरी देतानाही पुटपुटायचे. त्यानंतर मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली. मम्मी म्हणते, तो माइक त्या दिवशी बंद पडला असता तर सगळ्यांचं भलं झालं असतं. स्वतःच्या मुलीबद्दल!

पहिल्या दिवशी मी काही बोलले नाही. फक्त खुर्ची टाकून, मोबाइलवर घड्याळ लावून वहीत नोंदी केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थॉमस मिस्त्री आणि त्यांचे दोन गडी, अल्पेश आणि संकेत, आले तेव्हा मी वही उघडली.

"मिस्त्रीकाका, तुम्ही काल इथे आठ तास चौदा मिनिटं होता. त्यात खोदाई दोन तास दहा मिनिटं झाली."

मिस्त्रींनी कानावरची विडी काढली. "आनि बाकीचा टाइम?"

"नासाडी."

"माझी?"

"नाही हो, वेळेची."

"मंग वेळेला सांग ना, बाय. मला कशाला?"

अल्पेश आणि संकेत फावड्यावर रेलून खिदळले. तेही मी वहीत टिपलं: हसणे, चाळीस सेकंद.

पण मी हार मानली नाही. पहार शोधण्यात काल सतरा मिनिटं गेली होती. म्हणून स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर मी प्रत्येक हत्याराचं चित्र काढलं. पहार, थापी, ओळंबा, फावडं, पाण्याची नळी, सगळ्यांच्या बाह्यरेषा लाल खडूने, आणि वर एकेक खिळा. हत्यार वापरून झालं की आपल्या चित्रावर. जागा रिकामी दिसली की कळलंच काय गायब आहे ते. मिस्त्रींनी ते बराच वेळ बघितलं, मग स्वतः खडू घेऊन आपल्या टॉवेलचं आणि तंबाखूच्या डबीचं चित्र काढलं. मम्मीने मात्र भिंत बघून कपाळावर हात मारला. "नाताळला रंग दिलाय गं भिंतीला!" सुधारणेची किंमत कोणीतरी मोजायचीच असते, असं मी म्हटलं. त्यावर तिने मला दोन दिवस भांडी घासायला लावली. सुधारणा करणाऱ्यांचं घरात हेच होतं.

त्यानंतर रोज सकाळी उभ्याने सभा. बसलं की माणूस लांबण लावतो, म्हणून उभ्यानेच, असं पुस्तकात होतं. काल काय झालं, आज काय होणार, अडचण काय, हे प्रत्येकाने तीन मिनिटांत सांगायचं. वेळेसाठी मी मम्मीचा केकचा टायमर घेतला. पिवळा, कोंबडीच्या आकाराचा. मान पिरगळून ठेवली की बरोबर तीन मिनिटांनी किंचाळतो. सभेला मिस्त्री, अल्पेश, संकेत, कामावर जायच्या घाईत असलेले पप्पा आणि मी. मटिल्डाआतेला बोलावलं नव्हतं. पण तिला माणसं गोल करून उभी असलेली दिसली की ती हातातलं काम टाकून येतेच.

आणि आमचे शेजारी रेमंड अंकल. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते आमच्या कुंपणावर हात टेकून उभे असतात. सल्ला हा त्यांचा पेन्शननंतरचा व्यवसाय आहे.

कोणीही, कधीही काम थांबवू शकतो, हा त्या पद्धतीतला सगळ्यात महत्त्वाचा नियम. कोणालाही चूक दिसली की त्याने घंटा वाजवायची, आणि ती वाजली की सगळ्यांनी हातातलं काम जागच्या जागी सोडायचं. अगदी साहेबसुद्धा. त्यासाठी मी माळ्यावरून एक जुनी पितळी घंटा शोधून काढली, चिंचेने घासून लखलखीत केली, आणि आंब्याच्या फांदीला दोरीने टांगली. ती बघून आते उभीच राहिली.

"ही तुला कुठे मिळाली?"

"माळ्यावर. आते, सभा चालू आहे, अडचण असेल तर सांग. तीन मिनिटं." मी कोंबडीची मान पिरगळली.

"अडचण म्हणजे अशी बघ," आतेने पदर सावरला. "मी दुसरीत होते. तेव्हा आपल्याकडे म्हैस होती, चंद्री. विरारच्या बाजाराला माझा बाप गेला होता तो खरं तर कोंबड्या आणायला. त्याच्याबरोबर होता मिठागरातला मामा. त्या मामाची सायकल..."

कोंबडी किंचाळली.

"वेळ संपली," मी म्हटलं.

"अगं, अजून म्हैस घरी पोचली नाही."

"उद्या."

दुसऱ्या दिवशी म्हैस घरी पोचली आणि तिला उन्हाळ्यात किती गरम व्हायचं इथवर आलं. कोंबडी किंचाळली. तिसऱ्या दिवशी मामा परत आला. मग मी पुस्तकाप्रमाणे वहीत लिहिलं: अनावश्यक माहिती, नासाडीचा आठवा प्रकार, माझा स्वतःचा शोध. आते त्यानंतर सभेत गप्प उभी राहायला लागली. मला वाटलं, तिलाही शिस्त लागली.

घंटेचं काय झालं म्हणाल, तर पहिल्या दिवशी ती अकरा वेळा वाजली. अल्पेशने चहा उशिरा आला म्हणून वाजवली. संकेतने पायात काटा गेला म्हणून वाजवली. पोस्टमनने पत्र आहे म्हणून वाजवली. रेमंड अंकल तर कुंपण ओलांडून आत आले, घंटा वाजवली, सगळं काम थांबल्यावर म्हणाले, "खोलीची खिडकी पश्चिमेला ठेवा, वारा येतो," आणि परत गेले. थॉमस मिस्त्रींना मात्र हा नियम माझ्या सगळ्या नियमांत जास्त आवडला. घंटा वाजली की ते हातातली थापी अगदी आदराने खाली ठेवायचे आणि विडी पेटवायचे.

मग मालाचं बघा. गरज नसताना माल आणून ढीग लावायचा नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढाच मागवायचा, हे मला फारच पटलं होतं. कारण आमची गल्ली एवढीशी. मी डबराच्या दगडांच्या ढिगावर लाल रंगाने एक रेघ मारली आणि शेजारी खिळ्याला तीन लाल चिठ्ठ्या अडकवल्या. ढीग रेघेखाली गेला की ज्याला दिसेल त्याने एक चिठ्ठी नाक्यावरच्या एरॉलच्या डेपोत नेऊन द्यायची. एरॉल एक टेम्पो दगड पाठवणार. किती सोपं!

शुक्रवारी रेमंड अंकलनी कोंबड्यांच्या खुराड्याला म्हणून आमच्याकडून दगड 'उसने' नेले. आमच्याकडे दगड उसना नेतात, कोणी परत आणलेला मी अजून पाहिला नाही. ढीग रेघेखाली गेला. अल्पेश चहाला जाताना चिठ्ठी घेऊन गेला. पप्पांना कामावर जाताना ढीग दिसला, त्यांनीही एक चिठ्ठी नेली. आणि खुद्द रेमंड अंकल, आपल्यामुळे ढीग कमी झाला हे मनाला लावून घेऊन, तिसरी चिठ्ठी घेऊन गेले. दुपारी बारा वाजता, चर्चची घंटा होत असतानाच, गल्लीच्या तोंडाशी एकामागोमाग एक तीन टेम्पो उभे. मागे लग्नाची गाडी अडकली. नवरी माहेरच्यांसकट उतरून आमच्या दारावरून चालत चर्चला गेली. तिने जाताजाता दगडांच्या तीन ढिगांकडे आणि मग माझ्याकडे असं बघितलं, की ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. अरे, पण चुकलं कोण? पद्धत बरोबरच होती. माणसं जास्त चांगली वागली, त्याला मी काय करू?

परवानगीचंही सांगूनच टाकते. एका कार्यालयात (कुठल्या ते लिहीत नाही, पप्पांना अजून तिथे जायचं असतं) आमचा अर्ज एप्रिलपासून पडून होता. कामाच्या पाचव्या दिवशी मी पप्पांबरोबर गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी सांगितलं, फाइल सात टेबलांवरून जाते. मी तिथेच वहीचं पान फाडून फाइलच्या प्रवासाचा नकाशा काढला आणि दाखवलं, की सातापैकी पाच टेबलांवर तिला काहीच होत नाही, ती नुसती बसते. पप्पा माझी बाही ओढत होते. पण गृहस्थ रागावले नाहीत. "छान काढलंय," ते म्हणाले. "हे फाइलला लावून टाकतो." आणि त्यांनी खरंच टाचणी मारून लावलं. नंतर कळलं, की फाइलमध्ये एक पान वाढल्यामुळे तिला नवे पृष्ठक्रमांक द्यावे लागले आणि त्यासाठी ती पुन्हा पहिल्या टेबलावर गेली. "खोदायला काही हरकत नाही," कुंपणावरून रेमंड अंकलनी धीर दिला. "खड्डा म्हणजे बांधकाम नव्हे. खड्डा म्हणजे उलट बांधकाम नसणं."

आणि एवढं सगळं होऊनसुद्धा, लक्षात घ्या, एवढं सगळं होऊनसुद्धा, आठव्या दिवशी अकरा वाजता चारही बाजूंचे चर खोदून तयार होते! मिस्त्रींच्या हिशोबाने नववा दिवस पूर्ण लागला असता. त्यांनी स्वतः मान्य केलं. "हत्यारं भिंतीवरती ठेवल्यानं फरक पडला," ते म्हणाले, आणि मला वाटलं, प्रदर्शनातल्या बक्षिसापेक्षा हे मोठं आहे.

मग ते चरात उतरले, तळाची माती चिमटीत घेतली, वास घेतला, आणि वर येऊन टॉवेल त्याच्या चित्रावर लटकवला.

"आता उद्या."

"उद्या काय?"

"आज खड्डा उघडा ठेवायचा. पानी बघायचं. आपल्या पट्ट्यात असंच करतात. सकाळी कोरडा दिसला तर खडीचा बेड टाकायचा."

"म्हणजे नुसती वाट बघायची?"

"नुसती नाय. पानी येतं का ते बघायचं."

"मिस्त्रीकाका, मे महिना आहे. पाणी कुठून येणार? वाट बघणं ही पहिल्या नंबरची नासाडी आहे. आज बेड टाकला तर आपण पूर्ण दीड दिवस पुढे जातो."

"माती काळी हाय, बाय. मऊ हाय."

"काळी माती सुपीक असते," मी म्हटलं. हे वाक्य आता मला झोपेतही ऐकू येतं.

मिस्त्रींनी पप्पांना फोन लावला. पप्पांनी विचारलं, पुस्तकात काय लिहिलंय? मी पान वाचून दाखवलं. छापील शब्दापुढे पप्पांचं कधी काही चालत नाही. ते अर्धा दिवस सुट्टी टाकून, कारखान्याच्या कपड्यांतच आले. जिकडे काम चालतं तिकडे साहेबाने स्वतः उभं राहून बघावं, हेही पुस्तकात होतं. पप्पा पुस्तक खिशात घालून चराच्या कोपऱ्यात उतरून उभे राहिले. अल्पेश आणि संकेतने खडी, रेती, सिमेंट कालवून माल तयार केला. मी कोंबडी हातात घेतली. मिस्त्रींनी पहिलं घमेलं उचललं.

आणि घंटा वाजली.

साधीसुधी नाही. दोन्ही हातांनी, जोरजोरात. सगळ्यांनी वळून बघितलं. आंब्याखाली मटिल्डाआते उभी होती, केस सुटलेले, दोरी घट्ट धरलेली.

मिस्त्रींनी घमेलं अत्यंत आदराने खाली ठेवलं आणि विडी काढली.

"आते! काय झालं?" मी ओरडले.

"टाकू नका. मी दुसरीत होते तेव्हा..."

"आते, आत्ता नको! माल घट्ट होतोय!"

"घंटा वाजली की साहेबानेसुद्धा थांबायचं, असं तूच म्हणालीस ना? पहिल्या सभेत? मी होते उभी."

"पण चूक दिसली तर! तुला चूक काय दिसली ते सांग!"

"तेच सांगते. चंद्रीला उन्हाळ्यात गरम व्हायचं..."

मी मिस्त्रींना म्हटलं, तुम्ही सुरू करा. मिस्त्री म्हणाले, नियम म्हणजे नियम. अल्पेश म्हणाला, हो ना. संकेत खाली बसला. रेमंड अंकल कुंपणावरून म्हणाले, "वडीलधाऱ्या माणसाला बोलू द्यावं." मी एकटी, पाच जणांशी भांडत होते, माझेच नियम माझ्याच तोंडावर मारले जात होते, आणि या सगळ्या गडबडीत एक माणूस फार वेळ गप्प होता.

"हिलरी," पप्पा म्हणाले. "मी लहान होतोय का?"

आम्ही बघितलं. पप्पा घोट्यापर्यंत चिखलात होते. मग बघता बघता पोटरीपर्यंत. त्यांच्या चारी बाजूंनी, चराच्या तळातून, काळंभोर पाणी शांतपणे वर येत होतं. कोणाची वाट न बघता, काही नासाडी न करता. त्यांनी एक पाय उचलायला जोर लावला तसा दुसरा गुडघ्यापर्यंत गेला. मी हात द्यायला वाकले आणि हातातली कोंबडी सुटून पाण्यात पडली. बुडताना एकदा किंचाळली. वेळ संपली म्हणून.

मिस्त्रींनी फळी टाकली, अल्पेश-संकेतने काखेत हात घालून ओढलं. पप्पा बाहेर आले. त्यांचा उजव्या पायातला बूट आला नाही. तो आजही तिथेच आहे. तेवढ्यात चराची एक कड ढासळली आणि दहा बाय दहाचा माझा सगळा पाया, आठ दिवसांचा, एकसंध चहासारखा दिसायला लागला.

मला रडायचं नव्हतं, निदान रेमंड अंकलसमोर तरी नव्हतं.

आतेने दोरी सोडली. केस बांधले. "आता सांगू?" तिने विचारलं.

तीन टेम्पो दगड असल्यामुळे बसायला जागेची कमी नव्हती. आम्ही सगळे बसलो. पप्पा एका बुटात. आते बोलायला लागली ती थेट अडीच तास. मामा आला, सायकल आली, विरारचा बाजार आला, कोंबड्यांच्या जागी म्हैस कशी आली ते आलं. आणि मग बावखल आलं. पूर्वी आमच्याकडे प्रत्येक वाडीत केळींना पाणी द्यायला एक लहानसं तळं असायचं, ते बावखल. आमचं बरोबर इथे होतं. चंद्री दुपारभर त्यात बसायची. एके दिवशी दुसरीतली मटिल्डा कमळ काढायला वाकली आणि आत गेली.

"पोहता येत नव्हतं मला. वरती काय, खालती काय, कळेना. हाताला काय लागलं, तर चंद्रीच्या गळ्यातली घंटा. मी तिला लोंबकळले. ती बाई काय करणार, उठली आणि चालायला लागली. मला बाहेर आणून टाकलं आणि परत जाऊन बसली." आतेने आंब्याच्या फांदीकडे बघितलं. "तीच ही घंटा."

विडी विझून गेली तरी मिस्त्रींच्या लक्षात आलं नाही.

"मग तुझ्या आजोबांनी काय केलं?" आते माझ्याकडे वळली. "आमच्या घराला तेव्हा शेणाची जमीन होती. स्वतःच्या घराला नाही, पण चंद्रीच्या गोठ्याला त्यांनी काळ्या दगडाचं जोतं बांधलं. खाली पार मुरमापर्यंत जाऊन. म्हणाले, माझी पोरगी जिने आणून दिली ती चिखलात बसणार नाही. पुढे नळ आला, बावखल बुजवलं, गोठा पडला. बेनेडिक्टचा जन्म त्यानंतरचा, त्याला काय माहीत?" बेनेडिक्ट म्हणजे पप्पा. "पण जोतं कोण पाडणार? त्यावर माती टाकली आणि मी अबोली लावली."

मला इतका राग आला होता, की काय सांगू! "आते! मग पहिल्या दिवशी 'इथे बावखल होतं' एवढंच का नाही बोललीस? तीन सेकंदांचं काम होतं!"

"एवढंच बोलले असते तर चंद्रीचं कोणी ऐकलं असतं?" आते म्हणाली. आणि मग खालच्या आवाजात, "आणि तुझी ती कोंबडी ओरडली ना, की मला पुढचं आठवतच नसे, बाय."

मी वही उघडली आणि नासाडीचा आठवा प्रकार खोडून टाकला.

थॉमस मिस्त्री उठले. भिंतीवरच्या चित्रावरून पहार उचलली, शोधावी लागली नाही, हे कृपया लक्षात घ्या, आणि अबोलीच्या वाफ्यात जोरात मारली. ठण्ण! चार हात सरकून परत मारली. ठण्ण! चारही कोपऱ्यांना तोच आवाज. मिस्त्रींनी पहारेवर हनुवटी टेकली आणि पहिल्यांदाच मला बाय न म्हणता म्हणाले, "मॅडम, तुमचा पाया तयार हाय. साठ वर्सं तयार हाय."

पुढचं झटपट झालं. अबोली आतेने स्वतः उपटली, एकेक रोप, कोणाला हात लावू न देता, आणि पाण्याच्या कडेला नेऊन लावली. जोतं निघालं नऊ बाय अकरा. दहाव्या दिवशी ते धुऊन, वरचा थर नीट बसवून मोकळे. दोन दिवस राखून! जुन्या जोत्यावर बांधायचं म्हणून अर्जही नवा करावा लागला, दुरुस्तीचा, आणि त्याला दोनच टेबलं होती. आता भिंती आहेत, पत्रे आहेत, खिडकी आहे. पश्चिमेलाच, वारा खरंच येतो, रेमंड अंकल ते रोज सांगतात. दाराला आतून कडीसुद्धा आहे. खड्डा आम्ही बुजवला नाही. त्यातलं पाणी गोडं निघालं, आणि अबोली आता कमरेएवढी झाली आहे.

मग मी एवढी चिडलेली का, असं विचाराल. सांगते. पहिलं म्हणजे, पप्पांनी हे सगळं कारखान्यातल्या सुधारणांच्या स्पर्धेत सांगितलं, 'शून्य दिवसांत पाया' असं नाव देऊन, आणि त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. पहिलं! भिंतीवरचं घड्याळ. त्या भाषणात माझं नाव 'घरातील एक सदस्य' असं होतं. दुसरं, मम्मीच्या टायमरची भरपाई माझ्याच खाऊच्या पैशांतून झाली. तिसरं, आते. खोली मिळाल्यावर मी कडी लावून बीजगणित घेऊन बसले, तर पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांतच मला इतकं सुनं सुनं वाटलं, की मी उठून कडी काढली. आता ती रोज दुपारी शिवण घेऊन येते आणि मामा चालू होतो. मी तिला थांबवत नाही. त्या मामाने सायकल शेवटी विकली की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि चौथं. जोतं धुताना दारासमोरच्या दगडावर सिमेंटमध्ये खिळ्याने कोरलेली अक्षरं निघाली, आजोबांच्या हातची. ती पुसायची नाहीत, असं आतेने सगळ्यांना बजावलं. मी दारावर माझ्या नावाची पाटी लावली आहे, निळ्या रंगाची, स्वतः रंगवलेली. पण येणारा प्रत्येक माणूस आधी पायरीकडे बघतो, आणि तिथे ठसठशीत लिहिलं आहे:

चंद्री, १९६६.